गिअर बदलावा, पण कळू नये

गाडी कशी चालवली जाते हे चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याला जास्त कळतं. प्रत्येक गिअरला मान हलते, हातातली पिशवी घसरते, लहान मुलाला मळमळायला लागतं. चालवणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट असतात आणि पाय पेडलवर टेकलेले असतात, त्यामुळे तो झटका त्याला निम्माच जाणवतो. लायसन्स मिळून वर्ष उलटलं तरी अनेकांची गाडी दुसऱ्या गिअरला गचका खातेच. मग ‘आपल्या गाडीचा क्लचच कडक आहे’ किंवा ‘ट्रॅफिकमध्ये असंच होणार’ अशी समजूत करून घेतली जाते.

यात शिकणाऱ्याचा दोष कमी असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. गाडी बंद पडायला लागली की तो हळूच क्लच दाबतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. ‘क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा’ एवढं पाठ होतं. क्लच कधी आणि किती वेगाने सोडायचा, तेव्हा इंजिन कोणत्या वेगात हवं, हे मात्र कुणी सांगत नाही. गिअर मऊ पडण्याचं सगळं मर्म तेवढ्यातच आहे, आणि ते कुणालाही शिकता येतं.

झटका येतो कुठून?

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते आणि ती इंजिनाबरोबर फिरते. तिला चिकटून असते क्लच प्लेट. ही प्लेट गिअरबॉक्सला, आणि गिअरबॉक्समधून चाकांना जोडलेली असते. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तुम्ही क्लच दाबता तेव्हा हा दाब सुटतो आणि इंजिन चाकांपासून वेगळं होतं. क्लच सोडता तेव्हा दोन्ही पुन्हा जोडले जातात.

जोडणीच्या क्षणी दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरत असतील, तर काहीच जाणवत नाही. फरक असेल, तर तो फरक गाडीला एका क्षणात भरून काढावा लागतो. तोच झटका. मैदानातल्या फिरत्या चक्रावर चढणारं मूल आधी चक्राबरोबर चार पावलं पळतं आणि मग चढतं; उभ्या उभ्या चढायला गेलं की आपटतं. इंजिनालाही चाकांबरोबर आधी तसंच ‘पळवावं’ लागतं.

आता थोडे आकडे पाहू. आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण ३.५, दुसऱ्याचं १.९, तिसऱ्याचं १.३, चौथ्याचं १ च्या आसपास आणि पाचव्याचं ०.८ असतं. समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेतंय. त्याच वेगात दुसरा गिअर टाकला, तर इंजिनाला जेमतेम १,३५० फेरे हवेत. म्हणजे ते जवळजवळ निम्म्यावर यायला हवं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना २,५०० चे १,७०० होतात, तिसऱ्यावरून चौथ्यावर १,९०० आणि चौथ्यावरून पाचव्यावर २,०००. पहिल्या-दुसऱ्यातली दरी सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यांचा गचका तिथेच बसतो. चौथा-पाचवा कसाही टाकला तरी पडतो.

मान कुठे गेली ते बघा

झटक्याला दिशा असते, आणि ती ओळखली की चूक सापडते.

क्लच सोडताना गाडी पुढे उसळली आणि डोकं मागे हेडरेस्टकडे गेलं, तर इंजिन हवं त्यापेक्षा जास्त वेगात होतं. कारणं दोनच: ॲक्सिलरेटरवरून पाय नीट उचलला नव्हता, किंवा फेरे खाली यायच्या आत क्लच सोडला.

क्लच सोडताना गाडी अडखळली, नाक खाली गेलं आणि मान पुढे झुकली, तर इंजिन हवं त्यापेक्षा संथ होतं. वरचा गिअर टाकताना असं झालं, तर तुम्ही फार वेळ थांबलात आणि इंजिन पार खाली आलं. खालचा गिअर टाकताना असं झालं, तर इंजिनाला थोडी रेस द्यायची राहिली.

पुढच्या प्रवासात शेजारी बसलेल्याला एवढंच विचारा: ‘मान पुढे गेली की मागे?’ आठवडाभर क्लासला जाऊन कळणार नाही ते या उत्तरात कळतं.

आधी डाव्या पायाची ओळख

गिअरला हात लावण्याआधी बसण्याची जागा नीट करा. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून दाबावा लागत असेल, तर सोडताना ताबा राहत नाही. पायाखालचं मॅट पेडलच्या आड येत नाही ना, हेही बघा. मॅट सरकल्याने क्लच पूर्ण न दबणं हे गिअर करकरण्याचं अगदी साधं कारण असतं. जाड तळाचे बूट किंवा सैल चप्पल शिकण्याच्या दिवसांत टाळा.

मग एखाद्या सपाट, रिकाम्या मैदानात जा. पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला हात… म्हणजे पाय अजिबात लावू नका, आणि क्लच केसभर केसभर वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज थोडा जड होतो, बोनेट किंचित थरथरतं आणि गाडी सरकायला लागते. हाच ‘हाफ क्लच’. तिथेच पाय दोन-तीन सेकंद स्थिर ठेवा, गाडी चालू लागली की उरलेला क्लच सोडा. बहुतेक गाड्या सपाटीवर फक्त क्लचवर चालू लागतात. थांबा, पुन्हा करा. न बघता, न विचार करता पाय त्या जागी जाऊन थांबला पाहिजे.

या सरावाने एक गोष्ट उमगते. क्लचचा वरचा आणि खालचा प्रवास मोकळा असतो. तिथे पाय भरभर गेला तरी बिघडत नाही. मधल्या थोड्याशा पट्ट्यातच सगळं घडतं. ‘क्लच हळू सोडा’ या सल्ल्याचा खरा अर्थ ‘हाफ क्लचच्या पट्ट्यात हळू’ असा आहे. सगळाच प्रवास हळू केला तर प्लेट उगाच घासते.

वरचा गिअर टाकताना

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याची क्रिया सावकाश पाहू. गाडी पहिल्यात निघाली, ताशी १५-१८ किलोमीटरला आली, आरपीएमचा काटा २,००० ते २,५०० च्या दरम्यान आहे.

१. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि त्याच वेळी डावा पाय क्लच पूर्ण दाबू द्या. आधी क्लच दाबला आणि ॲक्सिलरेटर तसाच राहिला, तर इंजिन मोकळं होऊन ओरडतं. आधी ॲक्सिलरेटर सोडला आणि क्लच उशिरा दाबला, तर गाडी मागे ओढल्यासारखी होते.

२. गिअरची दांडी तळहाताने सरळ खाली ओढा, किंचित डावीकडे दाब ठेवून. मुठीत आवळू नका. मध्ये न्यूट्रलपाशी निमिषभर सैल सोडल्यासारखं करा आणि मग दुसऱ्यात सरकू द्या.

३. आता कान द्या. इंजिनाचा आवाज खाली येतोय. तो निम्म्यावर आला की क्लच हाफपर्यंत आणा, क्षणभर तिथे ठेवा, आणि बाकीचा सोडा.

४. क्लच पूर्ण सुटत आला की उजव्या पायाने हलकं दाबायला सुरुवात करा. एकदम दाबलं तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते.

या सगळ्याला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. घाई करू नका. इंजिनाला खाली यायला वेळ हवाच असतो. काही नव्या गाड्यांत पाय उचलल्यावरही फेरे जरा रेंगाळत उतरतात. अशा गाडीत हाफ क्लचवरचा मुक्काम थोडा वाढवावा लागतो.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दांडी उजवीकडे ढकलायची गरज नसते. न्यूट्रलमध्ये आली की आतली स्प्रिंग तिला आपोआप मधल्या रांगेत आणते. तळहाताने फक्त वर ढकला. हाताने दिशा द्यायला गेलं की ती पाचव्याच्या रांगेत अडकते. उलट पाचव्यावरून चौथ्यावर येताना दांडी डावीकडे ओढण्याचा मोह टाळा. ती जास्त डावीकडे गेली की चौथ्याऐवजी दुसरा पडतो. ताशी १०० च्या वेगात दुसरा पडून क्लच सुटला, तर लहान गाडीच्या इंजिनाला साडेसात हजारांच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा अशा वेळी काही करू शकत नाही, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. व्हॉल्व्हपासून पिस्टनपर्यंत काहीही तुटू शकतं, आणि पुढची चाकं घसरून गाडीचा ताबाही जाऊ शकतो.

लहान पेट्रोल गाडीत शांतपणे चालवताना दुसरा १५-१८, तिसरा ३०, चौथा ४५ आणि पाचवा ६० किलोमीटरच्या पुढे, असा अंदाज चालतो. चढावर किंवा पाच माणसं भरलेली असताना हे आकडे थोडे वर जातात. डिझेलमध्ये टर्बो ओढू लागेपर्यंत गाडीत दम नसतो, म्हणून गिअर इतक्या लवकर बदलू नका की फेरे १,५०० च्याही खाली जातील. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन खडखडत, दम खात असेल, तर गिअर चुकला आहे. एक खाली या. ‘वरचा गिअर म्हणजे ॲव्हरेज’ या हिशोबाने इंजिनाला रखडवण्यात इंधन वाचत नाही.

खालचा गिअर टाकताना

खरी कसोटी इथे आहे. वरचा गिअर टाकताना इंजिनाला खाली यायचं असतं आणि ते आपोआप येतं. खालच्या गिअरला त्याला वर जायचं असतं, आणि ते काम तुमच्या उजव्या पायाचं.

समजा गतिरोधक दिसला, तुम्ही ब्रेक मारून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर आलात. आता इंजिन दीड हजारांच्या आसपास आहे. दुसऱ्या गिअरला त्याच वेगात सव्वादोन हजार लागतील. क्लच दाबून दुसरा टाकला आणि धाडकन सोडला, तर ते सातशे-साडेसातशे फेरे चाकांकडून ओढून घेतले जातात, आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय म्हणजे वेग आधी ब्रेकने नीट खाली आणा, ताशी २० च्या आसपास, मग दुसरा टाका, आणि क्लच हाफच्या पट्ट्यातून सावकाश सोडा. सुरुवातीला एवढं पुरतं. दुसरा उपाय सवयीने येतो: गिअर दुसऱ्यात गेल्यावर, क्लच दाबलेला असतानाच, ॲक्सिलरेटरला हलका टोला द्या, आवाज थोडा चढला की क्लच सोडा. किती टोला द्यायचा हे काट्यापेक्षा कान लवकर शिकतो. जमलं की गिअर बदलल्याचं फक्त आवाजावरून कळतं.

वळणाच्या बाबतीत एकच नियम: ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी उरका. वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत आणि गाडी गिअरमध्ये हवी. क्लच दाबून वळण घेणं म्हणजे गाडी मोकळी सोडणं.

चालत्या गाडीला पहिला गिअर टाकायचा प्रयत्न शक्यतो करू नका. गाडी जवळजवळ थांबली असेल तरच पहिला. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग असतात. गिअर जुळण्याआधी त्या आतल्या दोन भागांचा वेग घासून सारखा करतात. ही सोय कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये गाड्यांत आणली. त्याआधी प्रत्येक गिअरला डबल क्लच मारावा लागे, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा लागे, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरांनीही वर्षानुवर्षं तेच केलं. पहिल्या गिअरसाठी या रिंगला सगळ्यात जास्त फरक भरून काढावा लागतो. दांडी आत जायला नकार देते, ती त्यामुळेच. जबरदस्ती केली की रिंग झिजते. दांडीवर हलका, सतत दाब ठेवून थांबा; वेग जुळला की ती स्वतः आत जाते.

चढ, घाट आणि तुंबलेला रस्ता

चढावर गाडी उचलताना मागे सरकण्याची भीती सगळ्यांना असते. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या, क्लच हाफवर आणा. गाडीचं तोंड किंचित उचललं जातं, मागची बाजू दबते. हे जाणवलं की हँडब्रेक सोडा. गाडी मागे न सरकता निघते. चढावर थांबून न घसरता पुन्हा निघणं हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार लायसन्सच्या परीक्षेतही अपेक्षित आहे. काही गाड्यांत हिल होल्डची सोय असते, पण ती दोन-तीन सेकंदच धरून ठेवते. हँडब्रेकची सवय असू द्या. सिग्नलला चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरण्यात कौशल्य काहीच नाही. तेवढ्या वेळात प्लेट तापते, आणि जळक्या वासाने ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

घाट चढताना इंजिनाचा दम जायच्या आधी गिअर खाली आणा. वरंधा किंवा कुंभार्लीसारख्या अरुंद घाटात वळणाच्या तोंडाशी दुसरा टाकून मगच वळा. मध्यावर गाडी रखडली तर मागच्याचीही पंचाईत होते. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे.

उतरताना तर गिअरच तुम्हाला सांभाळतो. ज्या गिअरने चढलात, साधारण त्याच गिअरने उतरा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनच चाकांना रोखून धरतं, ब्रेकचं काम हलकं होतं. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. न्यूट्रल टाकून उतरल्याने पेट्रोल वाचतं, ही समजूत आजच्या गाड्यांना लागू नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंधनाचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये इंधन जास्त जातं आणि गाडीवरचा ताबाही. अशा वेळी इंजिन बंद करणं त्याहून घातक, कारण मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा कडक होतो.

तुंबलेल्या रस्त्यावर प्रत्येक फूटभर जागेसाठी पुढे जाऊ नका. समोर एका गाडीइतकी जागा होऊ द्या, मग पहिल्यात निघा, क्लच पूर्ण सोडा, नुसत्या इंजिनाच्या संथ वेगावर सरकू द्या. थांबणं वीसेक सेकंदांपेक्षा जास्त असेल तर न्यूट्रल करून पाय काढा.

क्लच आणि गिअरबॉक्स टिकवणाऱ्या सवयी

• चालवताना डावा पाय क्लचवर ठेवू नका. बाजूला पाय टेकायला जागा असते, तिथे ठेवा. पायाचं नुसतं वजनही प्लेटला किंचित घसरू देतं.

• हात गिअरच्या दांडीवर टेकवून बसू नका. तो दाब आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर पडत राहतो.

• सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून उभं राहू नका. त्यात प्रेशर प्लेटचा दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग झिजतं.

• रिव्हर्स टाकताना करकर आवाज येत असेल, तर गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि मग टाका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते. तरीही अडला, तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका.

• हिवाळ्यात सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड पडतात, कारण गिअरबॉक्समधलं ऑइल गारठलेलं असतं. तेवढा वेळ सौम्य हाताने चालवा.

सगळं नीट करूनही गिअर करकरत असतील, पेडल खोलवर जाऊनही गिअर अडत असेल, किंवा चौथ्यात ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेरे वाढतात पण गाडी पळत नाही असं दिसलं, तर गॅरेज गाठा. पहिल्या दोहोंत क्लचची केबल किंवा फ्लुइड तपासावं लागतं. शेवटच्यात प्लेट संपत आलेली असते. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बघून घ्या, कारण त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं महाग पडतं.

सराव कसा करावा

सगळं एकाच दिवशी सुधारायला जाऊ नका. पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या मैदानात फक्त हाफ क्लच. मग रहदारी नसलेल्या रस्त्यावर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. बाकी गिअर तिथून आपोआप सुधारतात, कारण सगळ्यात मोठी दरी तुम्ही ओलांडलेली असते. त्यानंतर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्याचा सराव, आधी ब्रेकने वेग पूर्ण उतरवून, मग रेसचा टोला देऊन. घाट सगळ्यात शेवटी. या दिवसांत गाणी बंद ठेवा, काच थोडी खाली करा आणि इंजिनाचा आवाज ऐका. महिन्याभरात काट्याकडे बघायची गरज उरत नाही.

घरातल्या वयस्कर माणसाला पाठदुखी असेल, कुणी ऑपरेशन होऊन घरी येत असेल, कुणी गरोदर असेल, अशा वेळी गाडी गचके न देता चालणं ही चैन राहत नाही. तुमच्या गाडीत बसणाऱ्याला तुमच्यावर विश्वास टाकून डोळे मिटता यावेत, याची जबाबदारी तुमच्या डाव्या पायावर आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळी अर्धा तास काढा, मैदान गाठा आणि पहिला गिअर टाकून क्लच केसभर वर येऊ द्या.